त्याला कोणी विचारले काय?

दिव्यांग हक्क कायदा 2016 ने स्वमग्नतेचा 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश केला. तेव्हापासून परभणी जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत आम्ही प्रमाणपत्राचे अर्ज भरून देतो. एका घरी पंधरा वर्षांचा स्वमग्न मुलगा होता. जेवत नव्हता, रात्रभर जागत होता. घरचे म्हणाले, "तो पहिल्यापासून तसाच आहे." आम्हीही मान डोलावली. ही आमची चूक झाली.

स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे, ती मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे. परंतु स्वमग्न किशोरांत चिंता व नैराश्य इतर मुलांपेक्षा अधिक आढळते. चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, म्हणून ते स्वभावाच्या खात्यावर जमा होते.

या विषयावर काम करणारा संशोधन सहाय्यक पालकांना विचारतो, तसेच मुलालाही विचारतो. चित्र दाखवून, लिहून, उत्तरासाठी थांबून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच 12 ते 18 वर्षांच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही सामान्यतः घ्यावी लागते. ज्याला घरात कोणी विचारत नाही, त्याच्या होकाराला तेथे किंमत आहे!

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. वहीवर हसरा आणि रडका असे दोन चेहरे काढले. बराच वेळ गेला. त्याने रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवले, मग शाळेच्या दप्तराकडे दाखवले. त्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

बंधू-भगिनींनो, टेलिमानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. तो जरूर फिरवा. पण त्याआधी आपल्या लेकराला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.