एका चार्जमध्ये गाडी किती जाईल? मामांची गाडी, माझं चुकलेलं गणित आणि त्यातून शिकलेलं



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की "मॉडेल तयार करायचं" म्हणजे नक्की काय करायचं? पेटची तयारी करणाऱ्यांना मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तरात आपण पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवतो. आज व्याख्या बाजूला ठेवू. एक साधा प्रश्न घेऊ, ज्यात मी स्वतः तोंडावर आपटले.

माझे मामा आष्टीला राहतात. परतूर तालुक्यातली आष्टी, जालना जिल्हा. (बीड जिल्ह्यातली आष्टी वेगळी. दर वेळी सांगावं लागतं.) मामा रोज सकाळी दुधाचे दोन कॅन घेऊन परतूरला जातात. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी चार्जिंगची गाडी घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "शंभर किलोमीटर आरामात." मामांनी मला फोन केला, कारण माझा पीएचडीचा विषयच लिथियम बॅटरी. मी कागदावर दहा मिनिटांत हिशोब केला आणि सांगितलं, "मामा, शंभर विसरा. पण पासष्ट नक्की जाईल."

मामांची गरज होती सेहेचाळीस. जाऊन-येऊन चाळीस आणि परतूरमध्ये इकडंतिकडं सहा. त्यांनी गाडी घेतली.

आठवड्याभरात फोन आला. "अगं, तू तं पासष्ट म्हणली होतीस. गाडी त्रेचाळीसातच बसली की. तीन किलोमीटर ढकलत आणली."

दुकानदाराचा आकडा चुकला हे मी समजू शकत होते. पण माझा का चुकला?

आधी माझं पहिलं गणित बघा

पल्ला काढायचं मूळ सूत्र अगदी सोपं आहे:

पल्ला = बॅटरीतली वापरता येणारी ऊर्जा ÷ एका किलोमीटरला लागणारी ऊर्जा

वरचा भाग सोपा. बॅटरीवर लिहिलं होतं ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तास. गुणाकार केला की १८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत, त्याआधीच तिच्यातलं सर्किट वीज तोडतं. म्हणून मी ८५ टक्के धरले. हातात उरले १५३० वॉट-तास.

खालच्या भागात खरं काम आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात.

पहिली, टायर आणि रस्त्याचं घर्षण: वजन × ९.८ × टायरचा गुणांक. गाडी आणि मामा मिळून १८० किलो, चांगल्या रस्त्यावर गुणांक ०.०१५. उत्तर २६.५ न्यूटन.

दुसरी, हवा: ०.५ × हवेची घनता × (समोरचं क्षेत्रफळ × आकाराचा गुणांक) × वेगाचा वर्ग. घनता १.१, कंसातला गुणाकार ०.६, वेग ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. उत्तर ४०.७ न्यूटन.

बेरीज ६७.२ न्यूटन. आता एक युक्ती लक्षात ठेवा, आयुष्यभर कामाला येईल: न्यूटनला ३.६ ने भागलं की थेट 'वॉट-तास दर किलोमीटर' मिळतं. म्हणजे चाकापाशी १८.७. मोटर आणि कंट्रोलर मिळून ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून २३.३ वॉट-तास निघतात.

१५३० ÷ २३.३ = सुमारे ६५ किलोमीटर.

यात गणिताची एकही चूक नाही. पुन्हा तपासून बघा. म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. गणित बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं, कारण चूक गृहीतकांत लपलेली असते.

मग शंभरचा आकडा कुठून आला? दुकानदार खोटं बोलला का?

हेच सूत्र ताशी २५ किलोमीटरला चालवून बघा. हवेचं बल ४०.७ वरून १५.९ न्यूटनवर येतं. किलोमीटरला १४.७ वॉट-तास लागतात आणि पल्ला होतो १०४! म्हणजे शंभर शक्य आहे. एकटा माणूस, गुळगुळीत रस्ता, सायकलपेक्षा थोडाच जास्त वेग, आणि कुठंही न थांबता. तसं परतूरला कोण जातं?

आपल्याकडे गाड्यांचा पल्ला मोजायची ठरलेली पद्धत आहे. एआयएस-०४० हे मानक, आणि चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यातली एआरएआय. गाडी रस्त्यावर नाही, तर रोलरवर चालवतात, आणि 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' नावाचा ठरावीक वेगपट पुन्हा पुन्हा फिरवतात. हा वेगपट १०८ सेकंदांचा असतो. त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ आणि सरासरी सुमारे २२ किलोमीटर. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात, म्हणजे तुलना करता येईल, हा त्याचा उद्देश. तुमच्या गावच्या रस्त्यावर काय होईल, हे सांगायला ती चाचणी बनलेलीच नाही. संशोधनात हा फरक पक्का ठेवा: तुलनेसाठीचं माप वेगळं आणि भाकितासाठीचं माप वेगळं.

जाता जाता एक पडताळा. बजाजची इलेक्ट्रिक चेतक जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा बॅटरी ३ किलोवॉट-तास आणि इको मोडचा पल्ला ९५ किलोमीटर सांगितला होता. भागाकार करा, किलोमीटरला ३१ ते ३२ वॉट-तास येतात. माझे २३ त्याच्याशेजारी ठेवले असते, तर तिथंच शंका आली असती. मी ठेवले नाहीत. आपलं उत्तर आधीच माहीत असलेल्या एखाद्या आकड्याशेजारी ठेवून बघणं, ही पहिली सवय लावा.

आष्टीच्या रस्त्यावर काय घडलं?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे गेले आणि एकेक गृहीतक हातात घेऊन तपासलं.

१) वजन. कॅन मी धरलेच नव्हते. जाताना भरलेले, येताना रिकामे, सरासरी ३० किलो जास्त. म्हणजे १८० च्या जागी २१०. भर पडली किलोमीटरला १.५ वॉट-तासांची.

२) टायर आणि रस्ता. हवा डोळ्याने बघून भरलेली, आणि रस्ता म्हणजे ठिगळं. गुणांक ०.०१५ च्या जागी ०.०२० धरला. भर ३.६.

३) कॅनचा आकार. दोन्ही बाजूंना लटकलेले कॅन हवा अडवतात. कंसातला गुणाकार ०.६ वरून ०.७५ झाला. भर ३.५.

४) खड्डे, गतिरोधक, म्हशी. दर किलोमीटरला एकदा तरी वेग ४० वरून २० वर येतो आणि पुन्हा वाढवावा लागतो. ब्रेकमध्ये गेलेली गतिज ऊर्जा बॅटरीला पुन्हा द्यावी लागते. भर ३.४.

बेरीज करा: २३.३ + १.५ + ३.६ + ३.५ + ३.४ = ३५.३. आणि १५३० ÷ ३५.३ = ४३ किलोमीटर. बरोबर जिथं गाडी बसली तिथंच.

एक गंमत बघा. गावात प्रत्येक जण म्हणत होता, "दुधाच्या वजनानं बॅटरी खाल्ली." नुसत्या वजनाचा वाटा सगळ्यात कमी निघाला. कॅनचं वजन नव्हे, कॅनचा *आडवेपणा* जास्त महाग पडला. अंदाजाने दोष ठरवणं आणि मोजून ठरवणं यात हा फरक आहे.

थांबा. इथं खूश व्हायचं नाही

४३ ला ४३ जुळल्यावर मला खूप आनंद झाला होता. माझ्या गाइडना सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "उत्तर माहीत नसतं, तर ०.०२० धरला असता का ०.०१८?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवेचा दाब मी मोजला नव्हता. कॅनसाठी ०.७५ हा अंदाजच होता. त्या दिवशी वारा किती होता, तेही माहीत नव्हतं. आणि वारा फार फरक पाडतो. ताशी १५ किलोमीटर वारा पाठीशी असेल, तर माझ्या पहिल्या गणितातले २३.३ होतात १४.७, आणि तोच वारा तोंडावर असेल तर ३५.९! "जाताना फायदा, येताना तोटा, हिशोब सारखा" असं वाटतं ना? दोन्हींची सरासरी काढा: २५.३. वारा नसतानाच्या २३.३ पेक्षा जास्तच. वेगाचा वर्ग आला की फायदा-तोटा फिटत नाही.

उत्तर कळल्यावर आकडे जुळवणं कुणालाही जमतं. मॉडेलची खरी परीक्षा म्हणजे आधी भाकीत लिहून ठेवायचं, मग मोजायचं.

म्हणून मी वहीत लिहिलं: "कॅन नसताना, एकटे मामा, ताशी ४०: किलोमीटरला २९ वॉट-तास." मामांना ३० किलोमीटर फिरवलं. परत आल्यावर घरातलं बाकी सगळं बंद करून गाडी चार्जिंगला लावली आणि घरच्या मीटरचं रीडिंग घेतलं. मीटर १.१ युनिट पुढे गेला. चार्जर साधारण १२ टक्के खातो असं धरलं, तर बॅटरीत गेले ९७० वॉट-तास, म्हणजे किलोमीटरला ३२. भाकितापेक्षा दहा टक्के जास्त.

दुसऱ्या दिवशी कॅनसहित ४० किलोमीटर, मी मागून पेट्रोलच्या गाडीवर. १.७ युनिट, म्हणजे किलोमीटरला ३७. भाकीत ३५ चं होतं.

मीटर दशांशानंतर एकच अंक दाखवतो. १.१ म्हणजे १.०५ ही असेल किंवा १.१५ ही. म्हणजे मोजमापातच पाच टक्क्यांची ढिलाई आहे. मग "३५.३" मधल्या त्या ".३" ला अर्थ काय? काहीच नाही. प्रबंधात चार दशांश स्थळं लिहिण्याआधी हे आठवा.

मग मामांना काय सांगायचं?

बॅटरीच्या क्षमतेत दहा टक्के आणि किलोमीटरच्या खर्चात दहा टक्के अनिश्चितता धरू. दोन्ही स्वतंत्र असतील, तर वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ: १४ टक्के. म्हणजे पल्ला ४३ नाही, तर ३७ ते ४९. शास्त्रज्ञ मधला आकडा छापतो, पण दूध घेऊन निघालेल्या माणसाला खालचा आकडा लागतो. माझी खरी चूक ०.०१५ ची नव्हती. "पासष्ट *नक्की*" या शब्दाची होती.

उपाय मात्र मॉडेलनेच दिला. सुरुवातीच्या गणितात वजन दहा टक्के वाढवलं, तर खर्च चारच टक्के वाढतो. वेग दहा टक्के वाढवला, तर जवळपास तेरा टक्के. म्हणजे हात घालायचा तो वेगाला. कॅनसहित ताशी ३० ने चालवलं, तर खर्च येतो किलोमीटरला २६ वॉट-तासांच्या आसपास आणि पल्ला ५९. चौदा टक्के वजा केले तरी ५० उरतात, आणि गरज ४६ ची. किंमत किती? एका फेरीला अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं.

मामांना सांगितलं, "दहा मिनिटं लवकर निघा, आणि टायरमध्ये हवा मापाने भरा."

मामा म्हणाले, "एवढंच सांगायला इतकी वही भरली व्हय?"

हो, एवढंच. गाडी तेव्हापासून रस्त्यात बसलेली नाही. पण बॅटरी म्हातारी होत जाते, वापरता येणारे १५३० वॉट-तास दरवर्षी थोडे कमी होणार. म्हणून मामांना दर दिवाळीला तीच ३० किलोमीटरची फेरी मारून मीटर वाचायला सांगितलंय, आणि वर्षातून एकदा गावाजवळच्या गावाजवळ फिरत दोन काड्या उरेपर्यंत किती किलोमीटर होतात तेही लिहायला. वही त्यांच्याकडेच आहे.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरात, गल्लीत कुणाची चार्जिंगची गाडी असेलच. आधी वहीत भाकीत लिहा, तारीख टाका, आणि मगच मोजा. भाकीत चुकलं तर खोडू नका. कुठलं गृहीतक फसलं ते त्याच पानावर खाली लिहा. मुलाखतीत "मॉडेल म्हणजे काय?" विचारलं, तर ते पान दाखवा.

शंका असतील तर नक्की विचारा. भेटू पुढच्या लेखात.