ब्राउझरचे ठसे : समोर माणूस की यंत्र?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, उत्तरपत्रिकेवर नाव नसलं तरी अक्षराचं वळण, शाई, समास सोडायची सवय यावरून ती कोणाची हे आपण ओळखतोच ना? संकेतस्थळंही जवळपास तेच करतात.

पान उघडताच आपला ब्राउझर बरंच काही सांगून टाकतो. त्याची आवृत्ती, पडद्याचा आकार, भाषा, घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर आहे, वगैरे. काही संकेतस्थळं तर त्याच्याकडून गुपचूप एक न दिसणारं चित्र काढून घेतात. तेच चित्र वेगवेगळ्या उपकरणांवर किंचित वेगळं उमटतं. यातली एकेक गोष्ट हजारोंची सारखी असते, पण सगळ्या एकत्र केल्या की ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा दुसऱ्या कोणाशीच जुळला नाही!

आता बॉट कसा सापडतो? बॉट म्हणजे माणसाऐवजी संकेतस्थळ वापरणारा प्रोग्रॅम. तत्काळ तिकिटाच्या वेळी आपल्याआधी रांगेत घुसतो, तो हाच. त्याला पकडायचं तर विसंगती शोधायची. सांगतो 'मी आयफोन', पण चित्र उमटतं सर्व्हरसारखं. शिवाय वेबच्या मानकानुसार, प्रोग्रॅमने चालवलेल्या ब्राउझरने 'वेबड्रायव्हर' या खुणेपुढे 'ट्रू' म्हणायचं असतं. लबाड बॉट ती खूण लपवतात, मग लपवल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. चोर-पोलीसच म्हणा!

शाळेच्या संगणक कक्षात मात्र गंमत होते. एकाच वेळी घेतलेले, एकाच नेटवर चालणारे वीस संगणक म्हणजे वीस सारखे ठसे. संकेतस्थळाला वाटू शकतं, एकच यंत्र वीसदा आलंय. मग 'मी रोबोट नाही'ची कोडी सुरू, आणि मुलं घाबरतात, "सर, आमचं काय चुकलं?" काही चुकलेलं नसतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पालकांसाठी एक. इन्कॉग्निटोने हा ठसा पुसला जात नाही. खिडकी बंद केल्यावर कुकीज जातात, पडदा आणि फॉन्ट तेच राहतात. याच ठशावरून जाहिरातवालेही मुलांचा माग काढू शकतात. टॉर ब्राउझर सगळ्यांचे ठसे मुद्दाम सारखे करतो, फायरफॉक्स आणि ब्रेव्हही ते धूसर करतात. पण असा ब्राउझर वापरला की कोडी जास्त सोडवावी लागतात, कारण चेहरा झाकलेला माणूस पहारेकऱ्याला बॉटसारखाच दिसतो.