दोन इंची पाइप आणि अडलेली जेसन फाइल

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि पनवेलच्या करसल्लागारांच्या कामात जेसन (JSON) फाइल, म्हणजे माहिती ठरावीक रचनेत मांडणारी मजकुराची फाइल, शिरली. बिलं ऑफलाइन टूलमध्ये नाहीतर टॅलीत भरायची, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणाची फाइल काढायची, पोर्टलवर अपलोड करायची. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल आलं. एकदम अनेक बिलं काढायची तर तिथेही जेसनच, त्यामुळे कळंबोलीच्या स्टील मार्केटमधले व्यापारी आणि ट्रान्स्पोर्टवालेही तिच्याशी झगडू लागले.

त्या काळातला सगळ्यांत बोलका बिघाड लोखंडाच्या बिलांत सापडायचा. मालाच्या वर्णनात कारकून नेहमीप्रमाणे 2" पाइप असं लिहायचा. जेसनमध्ये मजकूर दुहेरी अवतरणात असतो, म्हणून फाइल वाचणाऱ्या पार्सरला इंचाची खूण दिसली की मजकूर तिथेच संपला असं वाटतं. पुढे स्वल्पविराम किंवा कंस यायला हवा, तिथे 'पाइप' येतो आणि वाचन थांबतं. खुणेआधी उलटी तिरकी रेघ घातली, म्हणजे \" असं लिहिलं, की काम होतं. पण ती हाताने घालायची वेळच यायला नको. लहान बिलिंग प्रोग्रॅम मजकुराचे तुकडे एकापुढे एक जोडून फाइल तयार करत, खरं दुखणं तिथे होतं. तयार लायब्ररीने फाइल लिहिली की ही रेघ आपोआप पडते.

फाइल अडली की पुढचा उपाय ठरलेला: नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्ती. त्यातून नवे घोटाळे. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणं पार्सरला चालत नाहीत. शेवटच्या नोंदीनंतर राहिलेला स्वल्पविराम चालत नाही. पंजाबचा राज्य कोड अवतरणाशिवाय 03 लिहिला तर तोही चालत नाही, कारण जेसनमधला आकडा अशा शून्याने सुरू होत नाही. सगळ्यांत छळवादी चूक तर डोळ्यांना दिसतच नसे. जुन्या नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८' निवडून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण बसायची. २०१९ मध्ये विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीत ती सवय बदलली.

चूक दाखवणारा संदेश वाचायला मात्र कुणी शिकवलं नाही. निर्यात केलेली फाइल बहुधा एकाच ओळीत असते, त्यामुळे 'ओळ १' याला काही अर्थ नसतो. स्तंभाचा आकडा धरून तिथे जायचं आणि त्याच्या थोडं आधी पाहायचं. पार्सर अडखळतो त्या जागेच्या अलीकडेच बहुतेक वेळा चूक असते.

पोर्टल एवढं कडक कशाला, अशी तक्रार तेव्हा सर्रास ऐकू यायची. जेसनची रचना मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी तिचं व्याकरण मुद्दाम तोकडं ठेवलं, टिपांनाही त्यात जागा दिली नाही. डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ या मानकाने नेटवर्कवरून पाठवायच्या जेसनला बीओएम जोडायला मनाई केली, पण पार्सरला सैल वागायची मुभा ठेवली. जेसन५ सारखे सैल प्रकारही आहेत. सेटिंगच्या फायलींना ते ठीक. करविवरणाला अजिबात नको. अर्धवट उतरलेल्या फाइलचे कंस एखाद्या दुरुस्तीच्या साधनाने बंद केले तर ती वाचली जाईल, पण पुढची बिलं त्यात नसतील. ती खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या तक्त्यात दिसणार नाहीत आणि त्याची इनपुट क्रेडिट अडकेल. त्यापेक्षा पूर्ण फाइल नाकारलेली बरी. मूळ नोंद दुरुस्त करावी आणि फाइल नव्याने काढावी.

२०२१ पासून आयकराच्या विवरणातही एक्सएमएलची जागा जेसनने घेतली. ई-इन्व्हॉइससाठीची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मधल्या ५०० कोटींवरून ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली, तसे मध्यम व्यापारीही थेट सॉफ्टवेअरमधून बिलं पाठवू लागले आणि नोटपॅडचा हात सुटत गेला. कंस-अवतरणांच्या चुका त्याबरोबर कमी झाल्या. एक प्रकार मात्र अजून सुटून जातो: एकाच नोंदीत एकाच रकान्याचं नाव दोनदा आलं तर बरेच पार्सर कुरकुर न करता शेवटची किंमत घेतात आणि पहिली टाकून देतात. पायथॉनचा नेहमीचा पार्सरही तसंच करतो. ते पकडायचं तर वाचतानाच नाव-किमतीच्या जोड्या तपासणारा कोड वेगळा लिहावा लागतो.