फुकटचं खातं कुठपर्यंत फुकट असतं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेल्या पोरांकडे दोन-चार वर्षांत पासबुकांचा गठ्ठा जमतो. ठेकेदार बदलला की नव्या बँकेत पगाराचं खातं उघडायला सांगतात, आणि सोबत नवं कार्ड येतं. पगार जमा होतो तोवर या खात्यात एक रुपयाही ठेवावा लागत नाही. तो थांबला की बहुतेक बँका साधारण तीन महिन्यांत त्याचं साधं बचत खातं करून टाकतात. मग शिल्लक कमी पडल्याचा दंड आणि कार्डाची वर्षाची फी सुरू होते. खातं उघडताना ‘झिरो बॅलन्स’ म्हटलं होतं ते खोटं नव्हतं. त्यामागची अट कुणी सांगितली नव्हती, एवढंच.

म्हणून पहिली पायरी म्हणजे झिरो बॅलन्सच्या दोन जाती ओळखणं. एक अटीवर मोफत: पगार येतोय तोवर, विद्यार्थी आहात तोवर, ऑफर चालू आहे तोवर. दुसरी नियमानं मोफत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१२ मध्ये बँकांना ‘बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट’, म्हणजे मूलभूत बचत खातं, देणं बंधनकारक केलं. बँक सरकारी असो वा खासगी, हे खातं द्यावंच लागतं. ऑगस्ट २०१४ पासूनचं जनधन खातं याच जातीचं, वर विम्याची आणि ओव्हरड्राफ्टची जोड असलेलं.

मूलभूत खात्यात किमान शिल्लक नाही. पैसे कितीही वेळा भरा, त्याला शुल्क नाही. एटीएम-डेबिट कार्ड मोफत, त्याची वार्षिक फीही नाही. महिन्यात किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात, एटीएममधून काढलेले त्यातच धरून. चारच्या पुढे काय, हे बँकेवर आहे; ते काउंटरवरच विचारून घ्यावं.

इथे लोक हमखास अडकतात ते एका नियमात. मूलभूत खातं असलेल्या बँकेत आपलं दुसरं बचत खातं चालत नाही. जुनं असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. त्यावर सोपी वाट आहे. आपलं आहे तेच खातं मूलभूत खात्यात बदलून द्या, असा लेखी अर्ज करता येतो. खाते क्रमांक बदलणार का, तेवढं मात्र आधी विचारा. पगार बंद झालेल्या खात्यासाठी ही वाट उत्तम, आणि फार थोड्यांना ती माहीत असते.

काउंटरवर खात्याचं नाव घेऊनच मागा. नुसतं ‘झिरो बॅलन्सचं काढा’ म्हटलं तर समोरचा त्याला सोयीचं जे असेल ते काढून देतो. ‘ती स्कीम बंद झाली’ असं ऐकू आलं तर शांतपणे लेखी उत्तर मागावं. बरेचदा तिथूनच बोलणं वळणावर येतं.

आता कागद. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी एक, सोबत पॅन किंवा पॅन नसल्यास फॉर्म ६०. आधारवर औरंगाबाद आणि वीजबिलावर छत्रपती संभाजीनगर असलं तरी घाबरायचं कारण नाही. शहराच्या जुन्या नावामुळे आधार बाद ठरत नाही. यांतला एकही कागद नसेल तर फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यावर ‘छोटं खातं’ उघडतं. त्याला मर्यादा आहेत: शिल्लक ५०,००० च्या आत, वर्षात जमा एक लाखाच्या आत, महिन्यात काढणं १०,००० च्या आत. मुदत बारा महिने. तोवर कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा.

अर्जावर सही करण्याआधी खूण केलेल्या चौकटी वाचा. अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये आणि जीवन विम्याचे ४३६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापले जातात, ते या चौकटीतल्या संमतीवर. दोन्ही सरकारी योजना आहेत आणि पैशाच्या मानानं चांगल्या आहेत. पण माहीत नसताना कापले गेलेले ४५६ रुपये बँकेनं लुबाडल्यासारखेच वाटतात.

कार्ड घेताना एवढंच विचारा: पहिल्या वर्षानंतर किती? साध्या बचत खात्यावर ‘पहिलं वर्ष मोफत’ हे वाक्य फार चालतं. फी २०० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटीसह २३६ जातात. प्लॅटिनम वगैरे नावांच्या कार्डांची फी याहून जास्त, आणि त्यांचे विमानतळावरचे लाभ आपण चिकलठाण्याहून वर्षात किती वेळा उडतो यावर मोलाचे ठरतात. रुपे कार्ड रोजच्या कामाला पुरतं. जनधनच्या रुपे कार्डावर अपघात विमाही आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांपर्यंत. त्याची अट मात्र घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या: अपघाताआधीच्या नव्वद दिवसांत कार्ड निदान एकदा वापरलेलं हवं. पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या कार्डावर दावा मिळत नाही.

एटीएमचं गणित साध्या बचत खात्यासाठी वेगळं आहे. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्यात पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, आपल्या शहरात पाच. पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. मशिनच्या बिघाडानं व्यवहार फसला तर तो मोजायचा नाही. पैसे हातात न येता खात्यातून कापले गेले, तर बँकेनं पाच दिवसांत परत जमा करायचे. त्यापुढे बँक दिवसाला १०० रुपये भरपाई आपल्याला देणं लागते.

मूलभूत खातं नको असेल, तर किमान शिल्लक म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. बहुतेक बँका सरासरी पाहतात: रोज दिवसअखेरची शिल्लक मांडायची, बेरीज करायची, महिन्याच्या दिवसांनी भागायची. समजा अट ५,००० ची आहे. पहिले दहा दिवस १२,००० आणि पुढचे वीस दिवस १,५०० असले तरी सरासरी बरोबर ५,००० भरते, दंड नाही. उलट एकोणतीस दिवस ५०० ठेवून तिसाव्या दिवशी पैसे भरून शिल्लक ५,००० केली तर सरासरी होते ६५०. ‘शेवटी भरले होते की’ हे तिथे चालत नाही. दंड लावण्याआधी बँकेनं कळवून महिन्याची मुदत द्यायची असते, आणि निव्वळ या दंडापायी खातं उणे करता येत नाही.

अटींमधला फरक मोठा आहे. स्टेट बँकेनं बचत खात्यांवरची किमान शिल्लक २०२० मध्येच काढून टाकली. कॅनरा, बडोदा, पंजाब नॅशनल या बँकांनी २०२५ मध्ये काढली. त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी ती ५०,००० केली आणि ओरड झाल्यावर १५,००० वर आणली. किमान शिल्लक किती हे बँकच ठरवते. शाखा कुठल्या गटात मोडते, महानगर, शहरी, निमशहरी की ग्रामीण, यावरही आकडा बदलतो. तेव्हा भावाची फुलंब्रीतली शाखा आणि आपली सिडकोतली शाखा एकाच बँकेच्या असल्या, तरी त्याचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही.

लाडकी बहीण किंवा पीकविम्यासारखे सरकारी पैसे यायचे असतील तर एक पायरी वाढते, आणि रांगेत सर्वांत जास्त गोंधळ तिचाच असतो. खात्याला आधार ‘जोडणं’ वेगळं आणि आधारचं ‘सीडिंग’ वेगळं. सीडिंग म्हणजे या आधारचे सरकारी पैसे अमुक बँकेत पाठवा, अशी राष्ट्रीय यादीतली नोंद. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते, जी शेवटी केली तीच. म्हणून नवं खातं उघडताना नकळत संमती दिली गेली की हप्ता नव्या बँकेत जातो आणि बाई जुन्या बँकेत चकरा मारते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, आधी तिथे पाहावं. हप्त्याचे १,५०० रुपये जुन्या दंडात वळते झाल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये आल्या होत्या. तेव्हा ही नोंद मूलभूत किंवा जनधन खात्यावरच ठेवणं शहाणपणाचं.

बँक निवडताना घराजवळची शाखा हा विचार मला अजूनही बरोबर वाटतो. तालुक्यात महाराष्ट्र ग्रामीण बँक सोयीची; मे २०२५ मध्ये विदर्भ-कोकण ग्रामीण बँक तिच्यात एकत्र झाली आणि मुख्यालय आपल्याच शहरात राहिलं. पोस्टाच्या बचत खात्यात ५०० रुपये ठेवावे लागतात.

पण गल्लीतल्या पतसंस्थेला बँक समजू नका, तिथे कितीही ओळखीचा माणूस बसलेला असो. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. याच शहरात २०२३ मध्ये आदर्श नागरी पतसंस्थेचं प्रकरण उघड झालं आणि ठेवीदार रस्त्यावर आले. अजिंठा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला, पण तिच्या ठेवीदारांना विम्याचा आधार होता.

खातं सुरू झालं की तीन महिन्यांनी एकदा पासबुक भरून आणा आणि फक्त कपातीच्या ओळी वाचा. जी ओळ कळत नाही तिच्यावर पेन्सिलीनं खूण करून काउंटरवर विचारा. जास्तीची खाती बंद करा. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यावर शिल्लक कमी म्हणून दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायला शुल्कही नाही, हे तिथे सांगायला हरकत नाही.

चुकीची कपात दिसली तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शिक्क्याची ती प्रत तिथे मागतात.