एंडोमेट्रिओसिस आणि पूरक गोळ्यांची निवड

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तराशी मिळत्याजुळत्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. बीजकोश, गर्भनलिका, आतडे, मूत्राशय अशा कुठल्याही अवयवाला त्या चिकटू शकतात. पाळीच्या चक्रात इस्ट्रोजेन वाढले की याही पेशी फुगतात आणि त्यांतून रक्त येते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. भोवती सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात आणि बीजकोशात जुने रक्त साठले तर सोनोग्राफीच्या अहवालात ‘चॉकलेट सिस्ट’ असा उल्लेख येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे. निदान व्हायला अनेकदा ४ ते १२ वर्षे जातात. आपल्याकडे ‘लग्न झालं की थांबेल’ आणि मग ‘एक मूल झालं की बरं होईल’ असे म्हणण्यातच यातली बरीच वर्षे निघून जातात.

उपचार म्हणजे वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आणि गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया. यांनी आराम पडतो. पण आजार मुळासकट जाईल याची हमी मिळत नाही, शस्त्रक्रियेनंतरही वेदना परत येऊ शकतात. साहजिकच अनेक जणी जीवनसत्त्वे, फिश ऑइल, हळदीच्या कॅप्सूल यांच्याकडे वळतात. मानवी पुनरुत्पादनाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहार-पोषणाचे उपाय तपासले आणि वेदनेसाठी कोणत्याही विशिष्ट उपायाची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले. याचा अर्थ सगळ्या गोळ्या निरुपयोगी आहेत असा होत नाही. आजाराचे नाव वाचून गोळी घेण्यापेक्षा शरीरात कशाची कमतरता आहे ते पाहून घ्यावी, एवढा अर्थ मात्र नक्की निघतो.

त्या दृष्टीने पहिला क्रमांक लोहाचा. या आजारात, विशेषतः त्याच्या जोडीला एडिनोमायोसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे) असेल तर, पाळीत अंगावरून जास्त जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे सततचा थकवा आजाराचा की लोह कमी असल्याचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही. हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहावे, कारण हिमोग्लोबिन ठीक असताना साठा रिकामा असू शकतो. शरीरात सूज असेल तर फेरिटिन फसवे वाढलेले दिसते, म्हणून अहवाल डॉक्टरांनीच वाचलेला बरा. कमतरता नसताना मात्र लोह घेऊ नये. आजाराच्या जागी साचलेल्या रक्तातून सुटणारे लोह तिथली हानी वाढवते असे संशोधक मानतात; त्यात विनाकारण भर कशाला? शिवाय लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता होते आणि आतड्याजवळ आजार असलेल्या स्त्रीला शौचाच्या वेळी आधीच कळा येत असतात. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह अधिक चांगले शोषले जाते असे अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसे विचारता येते. गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल. पूर्ण शाकाहारी स्त्रीने याच वेळी बी-१२ ही तपासून घ्यावे.

‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भारतात, भरपूर ऊन असूनही, फार आहे. ती भरून काढणे हाडांसाठी आवश्यक आहेच. पाळी तात्पुरती थांबवणारी जीएनआरएच प्रकारची इंजेक्शने चालू असतील तर हाडांची घनता कमी होते, त्यामुळे त्या काळात कॅल्शियम आणि ‘ड’ यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. भारतीय स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, तीळ आणि नाचणी नेमाने खाणाऱ्या घरात त्यातले बरेच ताटातूनच मिळते, उरलेल्यापुरती गोळी पुरे. वेदनेवर ‘ड’ चा उपयोग होतो का, हे बोस्टनमधील एका चाचणीत तपासले गेले. एंडोमेट्रिओसिस असलेल्या १२ ते २५ वर्षांच्या ६९ जणींपैकी काहींना सहा महिने रोज २००० युनिट ‘ड’, काहींना १००० मिलिग्रॅम फिश ऑइल आणि बाकीच्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. ‘ड’ घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, पण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्याही जवळपास तितक्याच कमी झाल्या. ‘मला अमुक गोळीने फरक पडला’ हे कितीही प्रामाणिकपणे सांगितलेले असो, ते ऐकताना हा निकाल आठवावा. बाजारात सहज मिळणारे ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या मुदतीपुरते घ्यायचे असते. ते महिनोन्महिने चालू ठेवले, किंवा चुकून रोज घेतले, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

त्याच चाचणीत फिश ऑइल घेणाऱ्यांना मिळालेला आराम औषधविरहित गोळीपेक्षाही कमी होता. तरीही ओमेगा-३ मागची कल्पना चुकीची नाही: पाळीच्या कळा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे येतात आणि ओमेगा-३ मुळे त्यांतली सूज वाढवणारी रसायने कमी तयार होतात. घ्यायचेच ठरले तर डबीच्या मागची बाजू वाचावी. पुढे ‘१००० मिलिग्रॅम’ छापलेले असते ते तेलाचे वजन. कामाचे घटक ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये ते दोन्ही मिळून साधारण ३०० मिलिग्रॅम असतात. कोकण-गोव्यात बांगडा आणि तारली ताटात असताना कॅप्सूलची घाई नको. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-३ चे ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर फार थोडे होते. कॉड माशाच्या यकृताचे तेल वेगळे. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना ते जास्त जाणे गर्भाला घातक आहे. त्या काळात खरी गरज असते ती रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची.

त्यातल्या त्यात आशादायक पुरावा ‘क’ आणि ‘ई’ या जोडीचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ५९ स्त्रिया होत्या. आठ आठवडे १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि १२०० युनिट ‘ई’ घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणींच्या सततच्या वेदना कमी झाल्या. इराणमधील एका छोट्या चाचणीतही अनुकूल निकाल आला. पण हे अभ्यास लहान आणि अल्पकाळचे आहेत आणि ‘ई’ ची मात्रा रोजच्या गरजेच्या कित्येक पट. एवढे ‘ई’ दीर्घकाळ घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. चेहऱ्याला लावायला आणलेली हिरवी कॅप्सूल पोटात घेण्याआधी हे ध्यानात असावे.

झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाची गोष्ट बोलकी आहे. ब्राझीलमध्ये २०१३ साली रोज १० मिलिग्रॅमने वेदना बऱ्याच कमी झाल्याचे दिसले. दहा वर्षांनी स्वीडनमध्ये दुप्पट मात्रा देऊनही फरक पडला नाही. एन-अॅसिटिल सिस्टीन, म्हणजेच एनएसी, याबद्दल इटलीतील ९२ स्त्रियांच्या अभ्यासात चॉकलेट सिस्ट किंचित आकसल्याची नोंद आहे, पण कोणाला काय मिळते आहे हे त्यात झाकलेले नव्हते. हळदीतील करक्युमिन प्रयोगशाळेत या पेशींवर परिणाम करते. इराणमधील दुसऱ्या एका चाचणीत मात्र ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. भाजी-आमटीतली हळद निर्धोक, पण मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या दाट कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या अर्काचेही तसेच.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांतील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण खबरदारी घ्यायला तेवढे पुरे. सोयाबीनच्या अर्कात इस्ट्रोजेनसारखे वागणारे घटक असतात. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या आजारात असे अर्क मनाने घेणे शहाणपणाचे नाही. आहारातले सोयाबीन त्यामानाने निरुपद्रवी.

भारतात यांतली बरीच पूरक उत्पादने औषध म्हणून विकली जात नाहीत, अन्न म्हणून विकली जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यांच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. डबीवर परवाना क्रमांक, प्रत्येक घटकाची मात्रा आणि मुदत असलीच पाहिजे. ‘विशेष मिश्रण’ म्हणून मात्रा लपवणारी किंवा एंडोमेट्रिओसिस बरा करण्याचा दावा करणारी डबी घेऊ नये. वीस-पंचवीस घटकांच्या महागड्या गोळीपेक्षा एका घटकाची साधी गोळी बरी, कारण फायदा किंवा अपाय कशाने झाला ते कळते. एका वेळी एकच सुरू करावी, पाळीच्या तीन चक्रांत वेदना, वेदनाशामकांच्या गोळ्या आणि कामाचे बुडालेले दिवस वहीत लिहावेत आणि फरक नसेल तर बंद करावी.

शस्त्रक्रिया ठरली असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णे डॉक्टरांसमोर ठेवावीत. आणि कोणतीही पूरक गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेली संप्रेरकांची गोळी परस्पर थांबवू नये.