‘गो अराउंड’ म्हणजे वैमानिक नापास नव्हे

विमान अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द ऐकू आले, की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. तपास करणाऱ्यांचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. कॉकपिटमध्ये दोघे जण असताना एकाची चूक दुसऱ्याला थांबवता का आली नाही, हे त्यांना शोधायचे असते.

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १६६ जणांपैकी ८ वाचले. वारा शांत होता, दृश्यता सहा किलोमीटर होती, विमान ठणठणीत होते. ‘डोंगरावरची धावपट्टी, म्हणून अपघात’ असे आजही बोलले जाते. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत वेगळेच निघाले. ध्वनिमुद्रणाच्या दोन तास पाच मिनिटांपैकी पहिला एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेले होते. जाग आल्यानंतरही काही वेळ मेंदूवर झोपेची गुंगी राहते. त्यातच मंगळूरचे रडार बंद असल्याने खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. विमान अखेरच्या टप्प्यात जवळजवळ दुप्पट उंचीवर राहिले. मग नाक खाली घालून ते वेगाने उतरवले गेले. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा ओरडत होती आणि सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले. तरी लँडिंग पुढे रेटले गेले. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५,२०० फुटांवर.

धावपट्टीकडे येण्याच्या या अखेरच्या टप्प्याला ‘अप्रोच’ म्हणतात, आणि अशा बिघडलेल्या अप्रोचला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ‘अनस्टेबल’. उतरणाऱ्या विमानाचा मार्ग साधारण तीन अंशांच्या उताराचा असतो, म्हणजे दर नॉटिकल मैलाला तीनशे फूट. शेवटचे हजार फूट सव्वा मिनिटात संपतात. म्हणून ढगाळ हवेत हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर हिशेब तपासायचा असतो: वेग बरोबर, उतार बरोबर, चाके आणि फ्लॅप बाहेर, इंजिनाची शक्ती ठरलेली. यातले एक जरी जुळत नसेल तरी उतरायचे नाही. ‘पुढे जुळवून घेऊ’ याला तिथे जागा नाही.

मग करायचे काय, तर गो अराउंड. वैमानिक थ्रॉटलवरचे बटण दाबतो, इंजिने गरजतात, नाक वर होते. दुसरा वैमानिक उंची वाढतेय हे उंचीमापकावर पाहून ‘पॉझिटिव्ह रेट’ म्हणतो, मग चाके आत घेतली जातात. पावसाळ्यात मुंबईला उतरताना विमान असे अचानक वर गेले की आत घबराट पसरते, कोणी तरी ‘पायलटला जमले नाही’ म्हणतो. पायलटला जमलेले असते ते हेच. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार शंभरातले तीन-चार अप्रोच अनस्टेबल असतात आणि त्यातले सुमारे ९७ टक्के तरीही उतरवले जातात. मला काळजी वाटते ती या आकड्याची. बहुतेक वेळा निभावते, आणि निभावले की तीच सवय पक्की होते.

ओल्या धावपट्टीवर चाके जरा दणकून टेकली तर तेही बरेचदा योग्यच असते. अलगद टेकवण्याच्या नादात विमान धावपट्टीवरून तरंगत पुढे जाते आणि थांबायला लागणारी जागा संपत जाते.

‘आता सगळे कॉम्प्युटरच करतो’ हा समज ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत उघडा पडला. एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ स्वच्छ उन्हात उतरत होते. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतो आहे असे वैमानिकांनी गृहीत धरले. तो सांभाळत नव्हता. वेग किती घसरला हे लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता. विमान समुद्राकाठच्या बांधावर आदळले. तिघांचा जीव गेला.

राहिला सहवैमानिक. तो मदतनीस नसतो. एक जण विमान उडवतो, दुसरा आकडे, उंची, वेग आणि पहिल्या वैमानिकावरही लक्ष ठेवतो. फेरीगणिक ही कामे बदलू शकतात. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला, पाऊस आणि मागून वारा असताना, दुसऱ्या प्रयत्नात उतरणारे विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले. २१ जण गेले, दोघे वैमानिकही. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात घडलेले, दांडग्या अनुभवाचे. महाराष्ट्र त्यांच्यासाठी हळहळला. अनुभवी माणूस अशी चूक करत नाही, हा समज त्या रात्रीने खोटा ठरवला. त्याच वैमानिकांनी पहिला प्रयत्न सोडून गो अराउंड केलेलाच होता. दुसऱ्यांदाही सहवैमानिक ‘गो अराउंड’ म्हणाले होते.

या अपघाताच्या चौकशी अहवालाने सहवैमानिकांनी नियंत्रण हाती घेतले नाही हेही नोंदवले. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या फेरीसाठी कोळिकोडला परतण्याचा कॅप्टनच्या मनावरचा ताण आणि तो निर्माण करणारी कंपनीची मनुष्यबळ नीती, यांवरही बोट ठेवले. ज्येष्ठाच्या हातातून स्टिअरिंग घेणे हे आपल्याकडे घरात, कचेरीत कोणी शिकवत नाही. म्हणून ते सिम्युलेटरमध्ये, अगदी कनिष्ठ सहवैमानिकाकडूनही, प्रत्यक्ष करवून घ्यावे लागते: दोनदा सांगूनही उत्तर आले नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचे आणि विमान वर न्यायचे.