धुराड्यांतील शुद्धिसंस्कार

दारांत कल्हईवाला बसला असतां तापलेल्या पातेल्यांत नवसागराची पूड पडतांच जो झणझणीत वास उठतो, तो आमच्या वडील पिढीच्या वाचकांस तरी विसरणें शक्य नाहीं. तो वास अमोनियाचा. नाकांत झोंबणारा हाच वायु आज मोठमोठ्या वीजघरांच्या धुरांत मुद्दाम सोडण्यांत येतो, हें ऐकून कोणासही प्रथम नवलच वाटेल. धूर आधींच घाणेरडा, त्यांत आणखी ही भर कशाला?

याचें कारण साध्या हवेंतच आहे. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. एकाच घरांत जन्म काढूनही एकमेकांशीं न बोलणाऱ्या भाऊबंदांप्रमाणें हे दोघे अलिप्त राहतात. परंतु भट्टीचें उष्णमान दीड हजार अंशांच्या घरांत गेलें कीं त्यांचा संयोग होऊं लागतो व नत्राचीं प्राणिदें तयार होतात. कोळशाच्या अंगचा नत्रही जळून त्यांत भर घालतो. हीं प्राणिदें फुप्फुसांस अपायकारक. पावसांत त्यांचें नत्राम्ल होतें, आणि उन्हांत इतर वाफांशीं मिळून तीं जमिनीलगत ओझोन उत्पन्न करतात.

अमोनिया म्हणजे नत्र व उज्ज यांचा संयोग. त्यांतील उज्ज प्राणिदांतील प्राणवायूशीं मिळून पाणी होतो, आणि नत्रवायु पुन्हां मोकळा होतो. गंमत अशी कीं, या नत्राच्या प्रत्येक जोडींतला एक अणु धुराकडचा व दुसरा अमोनियाकडचा असतो. जणूं एक वरपक्षाचा, एक वधूपक्षाचा! मात्र मध्यस्थावांचून हें लग्न जुळण्यास नऊशें अंशांहून अधिक उष्णता लागते. उत्प्रेरक हा तो मध्यस्थ. त्याच्या योगानें तीनशें ते चारशें अंशांतच काम भागतें.

प्रथम प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातु वापरून पाहण्यांत आल्या. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं व्हॅनेडियमचें प्राणिद टिटॅनियमच्या प्राणिदावर पसरून खरा व्यवहार्य मार्ग काढला. टिटॅनियमचें प्राणिद म्हणजे आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगांतलीच पूड. धुरांतील गंधकाच्या वाफांस ती सहसा बळी पडत नाहीं, हा तिचा मोठा गुण. व्हॅनेडियम अमोनियास धरून ठेवतें, स्वतःचा प्राणवायु देऊन टाकतें, आणि धुरांत उरलेल्या प्राणवायूंतून तो पुन्हां भरून घेतें. मग व्हॅनेडियम भरपूर कां घालूं नये? तर गंधकाम्लाच्या कारखान्यांत उपयोगी पडणारेंही हेंच व्हॅनेडियम! तें प्रमाणाबाहेर झालें कीं गंधकाच्या धुराचें अम्लांत रूपांतर होऊं लागतें, व अमोनियाशीं मिळून त्याचा चिकट क्षार पुढील नळ्यांत बसतो. म्हणून तें शेंकडा एकदोन भागच घालून जोडीला टंग्स्टनचें प्राणिद देतात. उष्णताही आवाक्याबाहेर जाऊं देतां येत नाहीं. नाहींतर अमोनियाच जळून नवीं प्राणिदें होतात, आणि तेल गेलें, तूप गेलें, अशी अवस्था होते.

आपल्याकडे अडचण राखेची आहे. हिंदी कोळशांत शेंकडा ३० ते ४५ भाग राख. मधमाशांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र उत्प्रेरकास ती घांसून काढते व त्याचीं भोकें बुजवते. डिसेंबर २०१५ मध्यें सरकारनें २००४ ते २०१६ या काळांतील वीजघरांस दर घनमीटर धुरांत ३०० मिलिग्रॅमांची मर्यादा घातली होती. २०२० सालीं ती ४५० वर नेण्यांत आली. राखेची अडचण खोटी नव्हे. पण तेवढ्यासाठीं मर्यादाच सैल करावी, हें आम्हांस पटत नाहीं. चंद्रपूर-कोराडीकडील मुलांच्या फुप्फुसांस सरकारी आदेशानें सवलत मिळत नाहीं.

मोटारींच्या बाबतींत मात्र सरकार ढळलें नाहीं. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या अवजड डिझेल गाड्यांत हीच क्रिया सर्रास चालते. हमरस्त्यावर एखादी नवी मालमोटार उभी असेल, तर डिझेलच्या टांकीशेजारीं निळ्या झांकणाची एक लहान टांकी दिसेल. तींत शेंकडा साडेबत्तीस भाग युरिया व बाकीचें पाणी असतें; तापलेल्या नळींत त्या युरियाचाच अमोनिया होतो.